डिस्चार्ज : उतरलेल्या ओझ्याचा पत्ता

गेल्या श्रावणात आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला डॉक्टर राउंडला आले, टाके बघितले आणि म्हणाले, "आज डिस्चार्ज." आत्यानं लगेच केस विंचरले, साडी नेसली आणि पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

मधल्या वेळात तिनं वॉर्डातला पेपर जाहिरातींसकट वाचला. पहिल्या पानावर बातमी होती : धरणातून डिस्चार्ज वाढवला, नदीकाठच्यांना सावधानतेचा इशारा. तेवढ्यात माझा फोन बंद पडला. "डिस्चार्ज झाला वाटतं," मी पुटपुटलो. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना सिस्टर विचारत होत्या, "जखमेतून डिस्चार्ज येतोय का अजून?" आत्या निवृत्त शिक्षिका. तिनं चष्मा काढला. "अरे, मला मिळाला, तुझ्या फोनचा झाला, ह्यांच्या जखमेतून येतोय, आणि धरणातून तो सोडतायत. हा एकच शब्द की चार?"

प्रश्न चांगला होता, आणि अर्धं उत्तर तिनंच देऊन टाकलं होतं. मराठीनं हा शब्द उचलला तो क्रियापदांसकट वाटून घेतला. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो, बॅटरी डिस्चार्ज होते, जखमेतून डिस्चार्ज येतो, धरणातून तो सोडतात, वकील त्यासाठी अर्ज करतात. क्रियापद ऐकलं की कोणता डिस्चार्ज ते कळतं, म्हणून आपला गोंधळ होत नाही. पण शब्द एकच आहे, आणि त्याच्या पोटात एक बैलगाडी उभी आहे.

लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकांची गाडी. रोमन लोकांनी हा शब्द गॉल लोकांकडून घेतला होता. त्यावरून गाडीत माल भरण्याचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमध्ये 'शार्जे' झालं आणि इंग्रजीत 'चार्ज'. आधी 'डिस' लावला की उलटी क्रिया : भरलेला माल उतरवणे. चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. कार, कॅरी, कार्गो ही सगळी याच गाडीची भावंडं. व्यंगचित्राला कॅरिकेचर म्हणतात तेही इथलंच. नाक किंवा मिशा यांवर चित्रकारानं जरा जास्तीचा माल चढवला म्हणून.

चार्ज म्हणजे भार, एवढं धरलं की आपल्या रोजच्या बोलण्यातले कितीतरी चार्ज एका रांगेत येतात. मोबाईलला चार्ज, आरोपीवर चार्जशीट, बिलात सर्व्हिस चार्ज, नव्या साहेबांनी घेतलेला चार्ज. शेवटच्याला तर आपण स्वतंत्रपणे 'कार्यभार' किंवा 'पदभार' म्हणतो, म्हणजे भार मराठीलाही दिसला होता. बंदुकीत दारू ठासली की ती चार्ज झाली, बार उडाला की डिस्चार्ज. जिथे जिथे काही चढवलं, तिथे तिथे उतरवण्याचा प्रसंग येणारच.

मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द कोशातला नाही, तोंडातला आहे : उतरणे. ट्रकमधून माल उतरतो, बॅटरी उतरते, ताप उतरतो, दृष्टही उतरते. फक्त एक फरक. गाडीवानाला विचारा, तो सांगेल की माल उतरला म्हणजे नाहीसा झाला असं नाही. तो कुणाच्या तरी ओट्यावर पडला. म्हणून डिस्चार्जचा कुठलाही प्रकार समजून घ्यायचा तर मी तीन गोष्टी बघतो : गाडी कोणती, माल कोणता, आणि उतरून तो कुणाच्या दारात गेला. तिसऱ्या गोष्टीकडे सहसा कुणी बघत नाही.

धरणापासून सुरू करू, कारण पावसाळ्यात पुण्या-सांगलीत हा शब्द रोज कानावर पडतो. सरकारी मराठीत याला 'विसर्ग' म्हणतात. सोडून देणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून तो आला. गणपतीचं विसर्जन आणि अक्षरापुढचे दोन टिंबांचे विसर्ग त्याच घरातले. आयुर्वेदात वर्षाचे दोन भाग करतात, आदानकाल आणि विसर्गकाल. पावसाळा येतो तो विसर्गकालात. पाटबंधारे खात्याच्या कारकुनानं हा शब्द निवडताना चरकसंहिता उघडली नसेल, पण योग मात्र अचूक जमला आहे.

विसर्ग म्हणजे किती पाणी सुटलं हे नव्हे, तर एका सेकंदात किती जातं हे. एकक आहे क्युसेक : सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. साठा मात्र टीएमसीत मोजतात, म्हणजे शंभर कोटी घनफूट. दोन्ही आकडे एकाच बातमीत येतात आणि वाचणारा गोंधळतो. जोडणारा धागा असा : ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी संपतो.

आता खडकवासला बघा. त्याची क्षमता जेमतेम १.९७ टीएमसी. पण वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही तीन धरणं आहेत, आणि त्यांचं सोडलेलं पाणी शेवटी इथेच येतं. म्हणजे खडकवासला हे गोदाम कमी आणि नाका जास्त. जुलै २०२४ मध्ये इथून विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी घुसलं. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. पुणेकरांच्या मापात सांगायचं तर दहा हजार लिटरचे शंभर टँकर, दर सेकंदाला. या वेगानं सोडलं तर भरलेलं खडकवासला सोळा तासांच्या आत रिकामं होईल. होत नाही, कारण वरून येणं चालूच असतं. "आधीच का नाही सोडलं?" हा प्रश्न दर पुराला विचारला जातो. तो रास्तही आहे. पण नाक्यावरच्या माणसाच्या हातात फार थोडे तास असतात, हेही लक्षात ठेवावं.

हा आकडा मोजतात कसा? सांडव्यावर तर सूत्र ठरलेलं असतं. दरवाजा किती उचलला आणि पाण्याची उंची किती, यावरून तक्त्यात बघायचं. नदीत मात्र प्रवाहाच्या छेदाचं क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो. पात्र साठ मीटर रुंद, सरासरी तीन मीटर खोल आणि वेग सेकंदाला दोन मीटर असेल, तर ३६० घनमीटर, म्हणजे सुमारे १२,७०० क्युसेक. या गुणाकारात एक ग्यानबाची मेख आहे. विसर्ग धरणावर ठरतो, पण पाण्याची उंची पात्र ठरवतं. काठावर भराव टाकून पात्र अरुंद केलं की तेवढंच पाणी जायला जास्त उंच व्हावं लागतं. म्हणून 'पूर्वी एवढ्या क्युसेकला आमच्याकडे पाणी यायचं नाही' असं जुनी माणसं सांगतात, ती खोटं बोलत नसतात.

सांगलीत म्हणूनच लोक क्युसेक विचारत नाहीत, फूट विचारतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर हे आकडे ३९ आणि ४३. कोयनेचं पाणी सुटल्याची बातमी आली की सांगलीकराच्या डोक्यात क्युसेकचं फुटांत रूपांतर सुरू होतं. ते गणित त्यानं शाळेत केलेलं नसतं, २००५ आणि २०१९ च्या पुरांत घराच्या भिंतीवर केलेलं असतं.

कोयनेची गंमत आणखी वेगळी, कारण ही गाडी दोन्ही बाजूंना उतरते. १०५.२५ टीएमसीचं हे धरण. सहा वक्र दरवाजांतून आणि पायथा वीजगृहातून सुटलेलं पाणी पूर्वेला जातं. पायथा वीजगृहाची दोन्ही यंत्रं चालू असली की २,१०० क्युसेक. ते कराडला कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचतं. वीजनिर्मितीचं मुख्य पाणी मात्र डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत, चिपळूणवरून अरबी समुद्रात. कृष्णा लवादानं या पश्चिमेच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. म्हणजे विसर्ग ही नुसती अभियंत्यांची बाब राहत नाही. कुणाच्या दारात किती उतरवायचं याचा निवाडा लवादाला द्यावा लागतो. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात जे चालतं तेही याचंच भांडण : खालच्यानं वेळेवर सोडलं नाही तर वरच्याच्या घरात फुगवटा येतो, ही एक बाजू, आणि तो फुगवटा तिथवर पोहोचतच नाही, ही दुसरी.

आता बॅटरी. तिच्यात माल म्हणजे इलेक्ट्रॉन, असं पटकन म्हणून टाकता येतं, पण ते पूर्ण खरं नाही. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी घ्या. भरलेल्या अवस्थेत एका पट्टीवर शिसं असतं, दुसरीवर शिशाचं डायऑक्साइड, आणि मध्ये सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांचं हळूहळू शिशाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होतं आणि आम्ल पातळ होत जातं. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून, तुमच्या पंख्यातून, एका पट्टीवरून दुसरीवर जातात. उतरणारा माल म्हणजे रसायनात साठवलेली ऊर्जा. इलेक्ट्रॉन हे हमाल. बॅटरीवाला हायड्रोमीटर बुडवून बघतो तो आम्लाचा दाटपणा. भरलेली असेल तर १.२६-१.२८ च्या आसपास, उतरलेली असेल तर १.१ च्या दिशेनं घसरलेला.

बॅटरीवर १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ सहसा असा की वीस तासांत सावकाश, साडेसात अँपिअरनं उतरवली तर ती १५० देईल. चार तासांत ओरबाडली तर तेवढी देत नाही. घाईनं गाडी रिकामी करताना थोडा माल तळाशी राहून जातो, तसं. आणि उतरलेली बॅटरी तशीच महिनाभर ठेवली तर पट्ट्यांवरचं सल्फेट घट्ट बसतं, मग ती पुन्हा नीट भरत नाही. गावचं घर बंद करून मुंबईला जाणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं. मोबाईलच्या लिथियम बॅटरीत ही चूक करता येऊ नये म्हणून आतलं सर्किट पहारा देतं. पडद्यावर शून्य टक्के दिसतं तेव्हाही आत थोडी शिल्लक मुद्दाम राखलेली असते.

ट्यूबलाइट हाही डिस्चार्जच, पाऱ्याच्या विरळ वाफेतून जाणारा. सुरू होताना ती डोळे मिचकावते, म्हणून उशिरा कळणाऱ्याला आपण ट्यूबलाइट म्हणतो. आणि सर्वांत मोठा डिस्चार्ज म्हणजे वीज पडणं. ढगाचं ओझं जमिनीवर उतरतं, ताशी नव्हे, क्युसेकमध्ये नव्हे, क्षणात.

न्यायालयातला डिस्चार्ज बातम्यांमध्ये सर्वांत जास्त चुकतो. 'अमुक आरोपी दोषमुक्त' असं छापून येतं आणि वाचणारा समजतो की खटला चालला, पुरावे तपासले आणि माणूस निर्दोष ठरला. तसं नसतं. निर्दोष मुक्तता ही खटला चालल्यानंतरची गोष्ट. डिस्चार्ज त्याच्या कितीतरी आधी, आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यावर. पोलिसांनी दाखल केलेली कागदपत्रं बघून न्यायाधीशांना वाटलं की खटला चालवण्याइतकाही आधार यात नाही, तर ते आरोपीला तिथेच सोडतात. सत्र न्यायालयात ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५० मध्ये आहे. नव्या कायद्यात त्यासाठी अर्ज करायला साठ दिवसांची मुदतही घातली आहे.

फरक कागदावर बारीक दिसतो, पण माणसाच्या आयुष्यात मोठा. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही. डिस्चार्ज झालेल्याला हे संरक्षण नाही; डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, असं कायद्यातच स्पष्टपणे लिहिलं आहे. नवा पुरावा आला तर गाडी पुन्हा भरू शकते. म्हणून बातमीत 'आरोपमुक्त' हा शब्द त्यातल्या त्यात बरा. दोष आहे की नाही हा प्रश्न तिथे सुटलेलाच नसतो.

काही अर्थ मात्र पटकन उरकण्यासारखे. जखमेचा, कानाचा किंवा अंगावरून जाणारा डिस्चार्ज म्हणजे स्राव; त्याचा रंग किंवा वास बदलला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावा. कारखान्याच्या सांडपाण्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, ती डिस्चार्जचीच. लष्करातून परतलेल्या जवानाकडे 'डिस्चार्ज बुक' असतं, आणि साताऱ्याकडच्या गावांत ते सातबाऱ्याइतकंच जपून ठेवतात. न्हावा शेवाला जहाज लागतं तेव्हा त्याच्या कागदांवर 'पोर्ट ऑफ डिस्चार्ज' असा रकाना भरलेला असतो; शब्दाचा मूळ अर्थ, माल उतरवणे, अजून जसाच्या तसा वापरात आहे तो तिथे.

एका अर्थानं मात्र मला बराच काळ कोड्यात टाकलं होतं. इंग्रजीत कर्तव्यातून मोकळं करणं हाही डिस्चार्ज आणि कर्तव्य बजावणं हाही डिस्चार्ज. उलटेच दिसतात की दोन्ही! गाडीवानाच्या बाजूनं बघितलं की कोडं सुटतं. त्याचं काम माल पोहोचवण्याचं. माल उतरला म्हणजे काम झालं आणि तोही मोकळा झाला. आपण यासाठी 'पार पाडणे' म्हणतो. पार म्हणजे पलीकडचा काठ. इंग्रजांनी गाडी वापरली, आपण होडी. ओझं पलीकडे न्यायचं हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता पुन्हा वॉर्डात. डॉक्टरांनी सोडलं म्हटल्यावर साडेआठ तास काय चाललं होतं? निवासी डॉक्टरांनी डिस्चार्ज समरी लिहिली. उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, त्यांचे पैसे वजा झाले. बिल तयार झालं, विमा कंपनीच्या मध्यस्थांकडे गेलं, त्यांनी एक शंका काढली, तिचं उत्तर गेलं, मंजुरी आली. सिस्टरनी सलाईनची सुई काढली, वॉर्डबॉय मामा चाकाची खुर्ची घेऊन आले. विमा नियामक प्राधिकरणानं मे २०२४ मध्ये सांगितलं आहे की रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, आणि उशिरामुळे रुग्णालयानं जास्त आकारलं तर ते कंपनीनं सोसावं. आमच्या वेळी ती विनंतीच दुपारी तीनला गेली होती. घड्याळ तिथून सुरू होतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आहे की बिलाच्या वादापायी रुग्णाला अडकवून ठेवता येत नाही. तेवढी वेळ आमच्यावर आली नाही.

या सगळ्यात खरा कागद म्हणजे ती समरी. रुग्णालयाच्या गाडीतून माणूस उतरला, आता त्याचं ओझं कुणी आणि कसं घ्यायचं याची ती पावती. निदान काय, काय केलं, कोणती गोळी कधी, काय झालं तर लगेच यायचं, पुन्हा दाखवायला कधी. दारातून बाहेर पडायच्या आधी ती सिस्टरसमोर बसून वाचावी आणि न कळलेलं अक्षर विचारावं. मी विचारलं, आणि जेवणाआधीची म्हणून समजत होतो ती गोळी जेवणानंतरची निघाली.

घरी आल्यावर आत्यानं सगळं ऐकून घेतलं. गाडीची गोष्ट तिला पटली. मग म्हणाली, "म्हणजे गावच्या उताऱ्यावरचा बोजाही हाच की."

बरोबर होतं तिचं. सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात कर्जाची नोंद होते, तिला महाराष्ट्रभर 'बोजा' म्हणतात. कर्ज घेतलं की बोजा चढतो, फेडलं की कमी करायचा. इंग्रजीत पहिला चार्ज, दुसरा डिस्चार्ज. इथे मराठीनं काही उसनं न घेता तीच गाडी उभी केली आहे. पण बोजा आपोआप उतरत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेचं बोजा कमी करण्याचं पत्र घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा लागतो, फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात, तेव्हा कुठे उतारा कोरा होतो. शहरातल्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेनं थोडा धाक घातला आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला चार्ज काढायचा; बँकेमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला पाच हजार रुपये.

"आतोबांनी विहिरीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं ना?" मी विचारलं. "ते फिटलं कधी?"

"फिटून वीस वर्षं झाली," आत्या म्हणाली. "पत्र त्यांनी आणलं होतं, मला आठवतंय. तलाठ्याकडे गेले की नाही, ते नाही आठवत."

टाक्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं. मी पलंगाखालची ट्रंक ओढली.